नॅरोबोटीच्या केबिनमध्ये दर हिवाळ्यात परतणारी ओल: निदान आणि उपाय

नोव्हेंबरचा मध्य उलटला की इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटीत राहणाऱ्या आपल्या मुलामुलींकडून नागपूरच्या घरी एकाच प्रकारची छायाचित्रे येऊ लागतात: खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवरून ओघळणारे पाणी, गादीच्या खालच्या अंगाला पडलेले काळे ठिपके, कपाटातल्या लोकरी कपड्यांवर धरलेली बुरशी आणि पलंगाशेजारच्या लाकडी अस्तराला हात लावताच जाणवणारा ओलावा. मार्च-एप्रिलमध्ये हे सारे आपोआप ओसरते, प्रश्न सुटला असे सर्वांना वाटते आणि पुढच्या नोव्हेंबरमध्ये तो जसाच्या तसा परत येतो. माझी भाची ग्रँड युनियन कालव्यावर राहते आणि माझे आयुष्य वातानुकूलन व शीतकरणाच्या कामात गेले आहे. तिला वेळोवेळी लिहून पाठवलेल्या सूचना इतर घरांतूनही मागितल्या जाऊ लागल्या, म्हणून त्या येथे सविस्तर मांडत आहे.

अशी छायाचित्रे पाहून नागपूरहून जो सल्ला दिला जातो, तो बहुधा असा असतो: खिडक्या घट्ट लावा, फटी आणि झरोके कापडाने बुजवा आणि फारच थंडी वाटली तर गॅस थोडा वेळ पेटता ठेवा. या तिन्ही गोष्टींनी ओल वाढते. शेवटच्या दोन गोष्टी एकत्र केल्यास जीवही जाऊ शकतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

पाणी आतलेच असते

नॅरोबोट म्हणजे पोलादी पत्र्याची लांबच लांब, अरुंद पेटी. अठराव्या शतकात बांधलेल्या कालव्यांचे लॉक (बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे अरुंद हौद) जेमतेम सात फूट रुंद असल्यामुळे बोटीची रुंदी सुमारे २.०८ मीटरच्या पुढे जात नाही. आजच्या बहुतेक बोटींचा तळ १० मिलिमीटर, पाण्यालगतच्या बाजू ६ मिलिमीटर आणि केबिनच्या भिंती व छत ४ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे असते. त्यावर आतून फोमचा थर आणि त्याच्यावर लाकडी अस्तर असते. परंतु फरशीखाली, खिडक्यांच्या चौकटींभोवती आणि छतावरच्या पितळी झरोक्यांपाशी धातू जवळजवळ उघडाच राहतो. पाण्याखालचा पत्रा कालव्याच्या पाण्याइतकाच थंड असतो आणि जानेवारीत ते पाणी गोठण्याच्या बेताला आलेले असते.

आता आतल्या हवेचा हिशेब पाहू. बारा मीटर लांबीच्या केबिनमध्ये साधारण ४० घनमीटर हवा असते. १८ अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे १५ ग्रॅम बाष्प धरू शकते, म्हणजे संपूर्ण केबिनची बाष्प सामावण्याची कमाल मर्यादा सव्वासहाशे ग्रॅमच्या आत-बाहेर येते. झोपलेला प्रौढ माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोन माणसे आठ तास झोपली की जवळजवळ तेवढेच पाणी हवेत येते, आणि ती हवा संध्याकाळच्या स्वयंपाकानंतर कोरडी मुळीच नसते. जे पाणी हवेत मावत नाही, ते सर्वांत थंड पृष्ठभागावर जाऊन बसते. सकाळी काचेवरून ओघळणारे पाणी म्हणजे रात्रभरचा श्वास असतो, ‘कालव्याचे पाणी पत्र्यातून झिरपते’ ही समजूत जवळजवळ नेहमीच चुकीची ठरते.

स्वयंपाकाचा गॅस हा दुसरा मोठा स्रोत, आणि तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. प्रोपेन जळताना त्यातील हायड्रोजनपासून पाणी तयार होते. एक किलो प्रोपेन जळल्यावर सुमारे १.६ किलो पाणी बाष्परूपाने हवेत मिसळते. बोटीवरचे १३ किलोचे एक सिलिंडर संपेपर्यंत केबिनमध्ये वीस लिटरहून अधिक पाणी सोडले गेलेले असते, मग त्यावर काही उकळलेले असो वा नसो. ऊब मिळावी म्हणून गॅसची शेगडी पेटती ठेवणे हे ओलीच्या दृष्टीने का चुकीचे आहे, ते एवढ्यावरून ध्यानात यावे.

खिडकी उघडण्याविषयीचा गैरसमज

येथे नागपूरचा अनुभव वाट चुकवतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवा इतकी दमट असते की खिडकी उघडली की चादरीसुद्धा सर्द होतात, आणि ज्या कूलरने मे महिन्यात संपूर्ण घर थंड ठेवले, तो त्याच घरात निव्वळ चिकचिक निर्माण करतो, कारण आधीच बाष्पाने भरलेल्या हवेत आणखी पाणी सुकत नाही. म्हणून बाहेर दमट असेल तर दारेखिडक्या लावून घ्याव्यात, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. इंग्लंडमधल्या हवामानाच्या अंदाजात ‘आर्द्रता ९० टक्के’ असे वाचले की आपण तोच नियम लावतो.

परंतु ती टक्केवारी सापेक्ष असते. ५ अंश तापमानाच्या आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे जेमतेम ६ ग्रॅम पाणी असते. पावसाळ्यातल्या नागपूरच्या हवेत ते २० ग्रॅमच्याही वर जाते. तीच ६ ग्रॅमची हवा केबिनमध्ये येऊन १८ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणजे ती चांगलीच कोरडी ठरते आणि भिंतींवरचा ओलावा स्वतःत घेऊन बाहेर जाऊ शकते. हिवाळ्यात, पाऊस पडत असतानाही, खिडकी उघडल्याने बोट कोरडीच होते. थोडी ऊब जाते हे खरे. मात्र हवेत साठवलेली उष्णता फार थोडी असते, ती दहा-पंधरा मिनिटांत भरून निघते, आणि ओली हवा तापवण्यात काही बचत होत नाही.

या नियमाला एक अपवाद आहे. एप्रिल-मे महिन्यांत एखाद्या दिवशी अचानक उबदार, दमट वारा सुटतो, पण तोवर कालव्याचे पाणी आणि तळाचा पत्रा थंडच असतो. अशा दिवशी सर्व दारे उघडी टाकल्यास फरशीखालच्या पत्र्याला घाम सुटतो. तेव्हा संध्याकाळी हवा थंडावल्यावर खिडक्या उघडाव्यात.

आधी गळती नाही ना, हे तपासावे

बाष्पाचे उपाय सुरू करण्याआधी तीन प्रकारची गळती वगळणे आवश्यक आहे, कारण तिच्यावर वायुवीजनाचा काही परिणाम होत नाही.

पहिली खिडकीची. बहुतेक खिडक्यांच्या खालच्या चौकटीत पन्हळीसारखी खाच असते आणि तिच्यातले पाणी बाहेर जावे म्हणून बाहेरच्या बाजूला बारीक छिद्रे ठेवलेली असतात. शेवाळ आणि धूळ साचून ती बुजली की काचेवरचे पाणी खाच भरून आत सांडते आणि अस्तर कुजते. बारीक तारेने ही छिद्रे मोकळी करणे हे दोन मिनिटांचे काम आहे आणि ते प्रत्येक शरद ऋतूत करावे. पावसाच्या दिवशीच आणि एकाच खिडकीखाली ओल येत असेल, तर चौकटीमागचे सील बदलावे लागेल.

दुसरी नळाची. पाण्याचा पंप नळ उघडला की सुरू होतो आणि बंद केला की थांबतो. रात्री सर्व नळ बंद असताना तो मध्येच क्षणभर घुरघुरला, तर कोठेतरी दाब उतरत आहे, म्हणजे कोठेतरी जोड पाझरत आहे, असे समजावे. पंपाचे बटण झोपताना बंद करण्याची सवय चांगली, पण निदानासाठी एखादी रात्र ते चालू ठेवून कान द्यावा.

तिसरी फरशीखालची, आणि तीच सर्वाधिक दुर्लक्षित राहते. केबिनच्या मागच्या टोकाला, बहुधा पायरीजवळ, फरशीत एक लहान झाकण असते. ते उघडले की तळाचा पत्रा दिसतो. तेथे पाणी आढळल्यास ते पूर्णपणे टिपून घ्यावे, कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरावा आणि दोन-तीन दिवसांनी पाहावे. पाऊस नसताना, नळाचा संशय नसताना आणि तरीही कागद नुसता सर्द झालेला असेल तर ते बाष्प आहे. कागद पाण्यात तरंगत असेल तर गळती आहे. इंजिनाच्या कप्प्यातील पाण्याशी याची गल्लत करू नये. बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा (प्रोपेलरचा) दांडा जेथून बाहेर जातो तेथील जोडातून थेंब-थेंब पाणी येणे अनेक बोटींत नेहमीचेच असते, आणि तो कप्पा बहुतेक बोटींत केबिनपासून आडव्या पत्र्याने वेगळा केलेला असतो.

अस्तरावरची ओल आतली की मागची, याबद्दल शंका उरली तर त्या जागेवर पारदर्शक प्लॅस्टिकचा तळहाताएवढा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा. दुसऱ्या दिवशी पाणी प्लॅस्टिकच्या वरच्या बाजूला दिसले तर ते खोलीतल्या हवेतले आहे. मागच्या बाजूला दिसले तर अस्तरामागून येत आहे.

सर्वांत जास्त ओल झोपण्याच्या खोलीतच का

मला आलेल्या बहुतेक छायाचित्रांत काळे ठिपके पलंगाच्या जागीच असतात, आणि कारण बोटीच्या मांडणीत आहे. सामान्य रचनेत कोळशा-लाकडाचा स्टोव्ह पुढच्या बैठकीच्या खोलीत आणि झोपण्याची खोली मागच्या टोकाला असते. मध्ये स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. पुढे २४ अंश आणि मागे १० अंश अशी स्थिती सहज निर्माण होते. बाष्प मात्र दारे-पडदे जुमानत नाही. ते स्वयंपाकघरातून निघून बोटभर पसरते आणि थंड खोलीत जाऊन पाणी होते. पुढची ऊब वाया जाऊ नये म्हणून मागचे दार लावून घेतले, तर ऊब अडते पण ओल अडत नाही, आणि ती खोली आणखी थंड होऊन आणखी पाणी गोळा करते.

म्हणून स्टोव्ह पेटलेला असताना आतली दारे उघडी ठेवावीत आणि मधल्या मार्गात १२ व्होल्टचा लहान पंखा मंद गतीने चालू ठेवावा. स्टोव्हच्या उष्णतेवरच फिरणारे, वीज न लागणारे पंखेही मिळतात; त्यांचा उपयोग होतो, पण मागच्या टोकापर्यंत हवा पोचवण्यास ते एकटे पुरत नाहीत, असे माझे मत आहे.

गादीचा प्रश्न वेगळा हाताळावा लागतो. पलंगाखाली बहुधा सामानाचा बंद कप्पा असतो, त्यावर प्लायवूड आणि प्लायवूडवर थेट गादी. शरीरातले बाष्प गादीतून खाली उतरते आणि थंड फळीवर अडकते. फळीऐवजी पट्ट्यांचा पलंग करावा, किंवा फळीला भरपूर छिद्रे पाडून गादीखाली हवा खेळती ठेवणारी जाळीदार चटई टाकावी. गादी बाजूच्या भिंतीपासून दोन-तीन बोटे दूर सरकवावी आणि सकाळी उठल्याबरोबर पांघरूण न घालता ती अर्धा-एक तास उघडी ठेवावी. अंथरूण लगेच आवरण्याची आपली शिस्त येथे थोडी शिथिल करावी लागते.

रोजच्या दिनक्रमातले बदल

स्वयंपाक बंद करता येत नाही, आणि करूही नये. मात्र पातेल्यावर झाकण हवे आणि स्वयंपाकघराची खिडकी तेवढा वेळ उघडी हवी. भात-वरण कुकरमध्ये शिजवणे उघड्या पातेल्यापेक्षा पुष्कळच बरे, पण पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करावी, कारण प्रत्येक शिट्टीबरोबर वाफ थेट छताला जाते. ज्यांना रविवारी सावजी रस्सा तास-दीड तास मंद आचेवर ठेवल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी तो स्टोव्हच्या तव्यावर ठेवावा. तेवढ्या गॅसचे पाणी तरी वाचेल. देवापुढच्या निरांजनाची काळजी करण्याचे कारण नाही, त्यातून येणारे बाष्प नगण्य असते.

कपडे वाळवणे हा मात्र स्वयंपाकाइतकाच गंभीर विषय आहे. हाताने पिळलेल्या एका वेळच्या कपड्यांत दोन लिटर किंवा त्याहून अधिक पाणी असते आणि दोरीवर टाकले की ते सर्व केबिनच्या हवेत येते. रोज कपडे धुऊन आत वाळत घालण्याची सवय तेथे मोडावी लागते. आठवड्यातून एकदा लाँड्रेटमध्ये (पैसे टाकून यंत्रे वापरण्याच्या सार्वजनिक धुलाईकेंद्रात) जाऊन कपडे यंत्रातच वाळवून आणणे हा त्यावरचा एकमेव समाधानकारक मार्ग मला दिसतो. ओले कोट आणि बूट पुढच्या दाराबाहेर, कनातीखाली ठेवावेत. आंघोळीनंतर न्हाणीघराच्या भिंती रबरी पट्टीने निपटून घ्याव्यात, दार लावून खिडकी उघडावी. सकाळी काचांवरचे पाणी फडक्याने टिपून ते फडके बाहेर पिळावे. स्टोव्हजवळ वाळत घातले तर ते पाणी पुन्हा हवेतच जाते.

लाकडाच्या ओंडक्यांबाबतही हेच. जळणासाठी २० टक्क्यांपेक्षा कमी ओलावा असलेले लाकूड वापरावे. ओले ओंडके स्टोव्हशेजारी रचून वाळवणे दिसायला सोयीचे असते, पण त्यातले पाणी धुराड्यातून जात नाही, तुमच्या गादीत जाते.

झरोके आणि विषारी वायू

स्टोव्ह पेटलेला असताना तो धुराड्यातून हवा वर खेचतो आणि तिच्या जागी झरोक्यांतून बाहेरची कोरडी हवा येत राहते. ओलीवर याहून स्वस्त उपाय नाही. तेच झरोके थंडी लागते म्हणून बुजवले की ओल तर वाढतेच, शिवाय स्टोव्हला हवा अपुरी पडून कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये साठू शकतो. हा वायू रंगहीन आणि गंधहीन असतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या आपल्याकडेही दर हिवाळ्यात वाचायला मिळतात. बोटीची केबिन त्या खोलीपेक्षाही लहान असते. राहण्याची सोय असलेल्या बोटींवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म १ एप्रिल २०१९ पासून बोट सेफ्टी स्कीम या तेथील बोटींच्या सुरक्षा-तपासणी योजनेखाली बंधनकारक आहे. तो आहे का आणि चाचणीचे बटण दाबल्यावर वाजतो का, हे नागपूरहून फोनवर विचारण्यासारखे आहे. पितळी झरोक्यातून थेंब गळत असतील तर त्याच्या आतल्या कडेला पातळ फोमची पट्टी चिकटवावी, छिद्र मोकळेच ठेवावे.

यंत्रे आणि खर्चाचे उपाय

पहिली खरेदी आर्द्रतामापकाची असावी, तीही दोनची: एक बैठकीत, एक पलंगाजवळ. पलंगाजवळचा आकडा बहुतेक वेळ ६० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी सहसा धरत नाही. २० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू १२ अंश असतो, म्हणजे १२ अंशांहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी बसणारच. हीच हवा ५० टक्क्यांवर आणली तर दवबिंदू ९ अंशांच्या जवळ येतो आणि अनेक कोपरे आपोआप सुटतात.

डीह्युमिडिफायर (हवेतले बाष्प काढून घेणारे यंत्र) घ्यावा का, याचे उत्तर बोट कोठे उभी असते यावर आहे. मरीनात (बोटी उभ्या करण्याच्या तळावर) कायमची जागा आणि किनाऱ्यावरची वीज असेल तर जरूर घ्यावा, आणि तो डेसिकंट, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणाऱ्या, प्रकारचा असावा. कॉम्प्रेसरवर चालणारा डीह्युमिडिफायर १५ अंशांखाली नीट काम करत नाही. परंतु कायमची जागा नसलेल्या बोटींना कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टच्या नियमाप्रमाणे साधारणपणे दर १४ दिवसांनी पुढे जावे लागते आणि त्यांची वीज बॅटरीवरच असते. १०० अँपिअर-तासांच्या एका लेड-ॲसिड बॅटरीतून सुरक्षितपणे निम्मी, म्हणजे सुमारे ६०० वॅट-तास वीज वापरता येते. ३०० वॅटचा डेसिकंट डीह्युमिडिफायर ती दोन तासांच्या आत संपवतो. घरी इन्व्हर्टर असलेल्या कोणालाही हा हिशेब पटेल. अशा बोटींनी स्टोव्ह आणि उघडी खिडकी यांवरच भिस्त ठेवावी. ओल शोषून घेणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे बंद कपाटापुरते ठीक आहेत. संपूर्ण केबिनसाठी ते विकत घेत राहणे मला पैशांचा अपव्यय वाटतो.

एकपदरी काचांवर आतून चुंबकीय पट्टीने बसणारा ॲक्रिलिकचा तावदान-पत्रा लावल्यास काचेवरचे पाणी लक्षणीय घटते आणि उन्हाळ्यात तो काढून ठेवता येतो. अस्तर उघडून फोम पुन्हा भरणे हा शेवटचा आणि महागडा उपाय. जुन्या बोटीत पॉलिस्टायरीनचे ताव आढळले तर विजेच्या पीव्हीसी तारा त्यांना चिकटलेल्या नाहीत ना, हे पाहावे; दोहोंच्या संपर्काने तारांचे आवरण कडक होऊन तडकते.

आधीच धरलेली बुरशी कोरड्या ब्रशने घासू नये, बीजे हवेत उडतात. मास्क आणि हातमोजे घालून बुरशीनाशकाने किंवा पातळ केलेल्या ब्लीचने पुसावी. ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा इतर कोणत्याही आम्लात मिसळू नये.

हिवाळ्यात नागपूरला येताना

डिसेंबर-जानेवारीत घरी लग्न निघाले की बोट महिनाभर बंद राहते आणि परतल्यावर सर्वांत वाईट दृश्य दिसते. निघण्यापूर्वी पाण्याची यंत्रणा रिकामी करून नळ उघडे सोडावेत, म्हणजे नळ्या गोठून फुटणार नाहीत. बंद बोटीत अशा फुटक्या नळीतून पंपाने टाकीभर पाणी फरशीखाली ओतल्याची उदाहरणे आहेत, म्हणून पंपही बंद करावा. गादी भिंतीला न टेकवता उभी करावी, कपाटांची आणि फरशीतल्या झाकणाची दारे उघडी ठेवावीत, सर्व झरोके मोकळे असावेत, पडदे काचेपासून दूर सारावेत. फ्रीज रिकामा करून त्याचे दार फडके अडकवून किलकिले ठेवावे. लोकरी कपडे बोटीत न ठेवता सोबत आणावेत. नागपूरच्या डिसेंबरमधल्या उन्हात ते दोन दिवस गच्चीवर टाकले की मागच्या हंगामाचा वासही निघून जातो.